मालिकेतली पहिली रात्र कशी लिहायची? नव्या संवादलेखकांसाठी

मालिकेच्या टीममध्ये नवीन असाल तर लग्नाचा सिक्वेन्स सहसा तुमच्या वाट्याला येत नाही. हळद, अंतरपाट, कन्यादान, पाठवणी हे सगळं जुनीजाणती मंडळी लिहितात. त्यात पंधरा-वीस कॅरेक्टर असतात आणि प्रत्येकाला एक वाक्य द्यावं लागतं. मग रात्री अकराला फोन येतो, "बेडरूमचा सीन तू कर रे, दोनच माणसं आहेत."

दोनच माणसं आहेत म्हणूनच तो अवघड. नायक-नायिका एका खोलीत कधी येतात याची वाट प्रेक्षक कित्येक महिने बघत असतात, आणि रात्री आठच्या स्लॉटला त्या खोलीत काहीच घडवता येत नाही. आजी, सून, नातू एकाच सोफ्यावर बसून बघणार. मग पाच मिनिटं काय लिहायचं? बहुतेक नवे लेखक केशरी दूध, गुलाबाच्या पाकळ्या आणि टायटल ट्रॅकची धून यावर वेळ काढतात. मी मात्र तुम्हाला वेगळंच सांगेन. या सीनमध्ये प्रेम दाखवायला जाऊ नका. या माणसासमोर आपण निर्धास्त झोपू शकतो, एवढंच दोघांपैकी एकाला कळलं पाहिजे. तेवढं जमलं की पुढच्या शंभर भागांची सोय होते.

1. आधी हे गोळा करा

लिहायला बसण्यापूर्वी खालच्या गोष्टी हातात हव्यात. क्रिएटिव्ह टीमकडे मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

- मंजूर झालेली वनलाइन, म्हणजे भागात काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा, आणि पुढच्या दोन आठवड्यांचा ट्रॅक. आज नवरा-बायको किती जवळ आले पाहिजेत हे पुढे काय होणार त्यावर ठरतं.
- मागच्या किमान पंधरा भागांच्या स्क्रिप्ट. दोघं आजवर एकमेकांशी काय काय बोलले ते नीट वाचा. कोण कुणाला "अहो" म्हणतं, कोण "तू" म्हणतं, ते कागदावर लिहून घ्या. एका सीनमध्ये "अहो समीर" आणि पुढच्यात नुसतं "समीर" झालं की दुसऱ्या दिवशी सोशल मीडियावर पहिली कमेंट त्याचीच पडते.
- बेडरूमच्या सेटचे फोटो. दार कुठे, खिडकी कुठे, सोफा आहे की नाही. नसलेल्या गॅलरीत चंद्र बघत उभी राहिलेली नायिका मी वाचलेली आहे.
- लग्नातल्या शेवटच्या सीनचे कंटिन्युइटी फोटो, म्हणजे पुढच्या सीनमध्ये सगळं तसंच दिसावं म्हणून काढलेले: साडी, शालू बदलला का, मुंडावळ्या उतरल्या का, हिरवा चुडा किती, नथ आहे का.
- चॅनेलच्या एस अँड पी विभागाची, म्हणजे काय दाखवायचं आणि काय नाही हे बघणाऱ्या लोकांची, ताजी टिपणं.
- कलाकारांपैकी कुणी काही अटी घातल्या असतील तर त्या. याबद्दल पुढे बोलू.

2. नियम एकदा वाचून ठेवा

मालिकेला सिनेमासारखं आधी सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. म्हणून काही जणांना वाटतं की बंधनच नाही. बंधन आहे. 1994 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांमधला नियम 6 म्हणजे प्रोग्रॅम कोड. सभ्यता आणि अभिरुचीला धक्का लावणारं, अश्लील, स्त्रियांना कमी लेखणारं असं काही त्यात बसत नाही. शिवाय वाहिन्यांच्या संघटनेने 2011 मध्ये बीसीसीसी ही तक्रार परिषद उभी केली. त्यांच्या वर्गवारीत कार्यक्रम दोन प्रकारचे: 'जी', म्हणजे सगळ्यांसाठी, आणि 'आर', म्हणजे रात्री 11 ते पहाटे 5 याच वेळेत दाखवायचे. आपल्या सगळ्या कौटुंबिक मालिका 'जी'मध्ये येतात. प्रेक्षकाची तक्रार आधी वाहिनीकडेच जाते, आणि ती गेली की चॅनेलचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "स्क्रिप्टमध्ये काय लिहिलं होतं?" तुमच्या कागदावर "दोघे जवळ येतात" असं मोघम वाक्य असेल तर त्याचा अर्थ दिग्दर्शक लावतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

म्हणून मोघम लिहू नका. "समीर गौरीच्या खांद्यावरची शाल नीट करतो आणि मागे सरकतो" असं लिहा.

वेळेचं गणितही इथेच समजून घ्या. जाहिराती आणि चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोंना मिळून तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये ब्रेक, टायटल आणि मागच्या भागाची झलक वजा जाता तुमच्या हातात साधारण 20 ते 22 मिनिटं गोष्ट उरते. त्यातली पाच-सहा मिनिटं एकाच खोलीला देताय, तर ती ब्रेकच्या दोन्ही बाजूंना वाटून घ्या. आधी खोलीचं दार बंद होतं तिथे ब्रेक टाकायचा, मग आतला सीन.

3. लग्न कसं झालंय ते विसरू नका

ठरवून झालेलं लग्न, प्रेमविवाह, करारावरचं लग्न, दुसरेपणाचं लग्न. रात्र एकच, पण प्रश्न वेगळा.

ठरवून झालेल्या लग्नात दोघं अनोळखी असतात, त्यामुळे प्रश्न साधे आणि सुंदर असतात: पंखा किती वर लावायचा, कोणत्या बाजूला झोपायचं, घोरतोस का. प्रेमविवाहात उलट, सगळं माहीत असतं, पण बाहेर घर नाराज असतं. तिथे आतला आनंद आणि बाहेरची शांतता यांतला ताण लिहा. दुसरेपणाच्या लग्नात खोलीत तिसरं कुणीतरी असतंच: भिंतीवरचा फोटो, कपाटातल्या जुन्या साड्या, किंवा "बाबा, मी तुमच्याजवळ झोपू?" म्हणत आलेलं पोर. हे पोर आलं की सीन तुमच्यासाठी स्वतःच लिहिला जातो. फक्त त्या पोराला गोग्गोड संवाद देऊ नका.

आणि आणखी एक प्रकार आपल्या मालिकांचा सगळ्यात लाडका: थोरली बहीण मांडवातून निघून गेली आणि धाकटी बोहल्यावर उभी राहिली. पुढचं उदाहरण त्याचंच घेतो.

4. रात्र नक्की कुठली?

इथे नवे लेखक हिंदी मालिकांकडे बघतात आणि फसतात. लग्न झालं, माप ओलांडलं, की त्याच रात्री सजवलेली खोली. आपल्याकडे कितीतरी घरांत असं होत नाही. आधी देवक उठवायचं, कंकण सोडायचं, सत्यनारायण घालायचा. अनेकांकडे गोंधळ किंवा जागरण असतं, कुलदैवताला जाऊन यायचं असतं. तोवर नवरीबरोबर तिच्या माहेरची पाठराखीण झोपते आणि नवरा बाहेर चुलतभावांच्या रांगेत गादीवर.

लेखकासाठी ही लॉटरी आहे. तीन-चार भाग दोघांना एकांतच मिळत नाही आणि त्याला कुणी व्हिलन लागत नाही, रीतच पुरते. जेजुरीला नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो ती प्रथा तर सगळ्यांच्या ओळखीची. जे दोघं एकमेकांशी धड बोललेले नाहीत, त्यांना अख्ख्या गावादेखत हे करावं लागतं. पाच पायऱ्यांमध्ये जेवढी जवळीक दाखवता येते तेवढी फुलांच्या पलंगावर येत नाही, आणि एस अँड पीचा आक्षेपही येत नाही. पूजेला शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच पळीला हात लावणं, तिने त्याच्या हाताला हात लावून ठेवणं, हे सगळं तुमच्या खोलीतल्या सीनचं भांडवल. खोलीत जाण्याआधी ते जमा करून ठेवा.

घर कुठलं आहे ते मात्र तपासा. कोकणातलं घर, साताऱ्याकडचं घर, नागपूरचं घर, सगळ्यांच्या रीती एकसारख्या नसतात. घरात एखादी मावशी असेल तर तिला विचारा. ती इंटरनेटपेक्षा भरवशाची.

5. खोलीत एक अडचण ठेवा, भावना नको

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून जरा थांबून बघू.

पहिल्या मसुद्यात बहुतेक जण असं लिहितात: नायिका खिडकीशी, डोळ्यांत पाणी. नायक म्हणतो, "मला माहितीये, हे लग्न तुझ्या मनाविरुद्ध झालं. पण मी तुला वचन देतो…" पुढे दीड पान. कलाकार ते पाठ करतो, म्हणतो, आणि प्रेक्षक मोबाईल उघडतो. कारण जी गोष्ट महिनाभरात हळूहळू सिद्ध व्हायची ती पहिल्याच रात्री बोलून संपली.

त्याऐवजी एक छोटी, शारीरिक, साधी अडचण घ्या. गौरी आणि समीर. थोरली पळाली, गौरी बोहल्यावर चढली. खोलीत समीर सोफ्यावर, गौरी पलंगाच्या कडेला. ती उठून पाण्याच्या तांब्यापर्यंत जाते आणि परत येते.

समीर (मोबाईलवरून मान वर न करता): पाय दुखतोय?

गौरी: नाही.

समीर: मग टाचेवर का चालतेस?

(गौरी पाऊल साडीखाली ओढून घेते.)

गौरी: जोडवी घट्ट आहेत. ताईच्या मापाची केली होती ना.

(समीर मोबाईल खाली ठेवतो. काहीच न बोलता बाहेर जातो.)

इथे ब्रेक घ्या. प्रेक्षकाला वाटेल, रागावला. ब्रेकनंतर तो अंधाऱ्या हॉलमधून, झोपलेल्या पाहुण्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात जाताना दिसतो. परत येतो तेव्हा हातात खोबरेल तेलाची बाटली. ती तो तिच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवतो आणि बोटाने तिच्या दिशेला सरकवतो.

समीर: लाव. निघाली तर काढून ठेव.

गौरी: काढायची नसतात.

समीर: बरं. मग तेल तरी लाव.

(तो मोठा दिवा बंद करतो, सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपतो. गौरी बाटलीकडे बघते.)

सीन संपला. "ताई" हा शब्द एकदाच आला, पण या लग्नाची सगळी कळ त्यात आहे. कुणी कुणाला हात लावलेला नाही. त्याने पाठ फिरवली ती तुसडेपणाने नाही, तिला पाय उघडा करता यावा म्हणून, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. आणि तुम्हाला पुढचा माल मिळाला: दोन दिवसांनी समीर गुपचूप सराफाकडे मापाची जोडवी करायला टाकतो, सासू विचारते "आम्ही घातलेली जोडवी कुठेयत?", गौरीला काय उत्तर द्यावं कळत नाही. एका अडचणीवर चार भाग निघतात.

अशा अडचणी शोधायला फार लांब जावं लागत नाही. अंबाड्यात अडकलेल्या पिना, नऊवारी सोडता न येणं, मेंदीचे हात असल्यामुळे दिवसभर नीट जेवता न येणं आणि मध्यरात्री लागलेली भूक. फक्त अडचण खरी असू द्या. साडी खिळ्यात अडकून नायिका नायकाच्या अंगावर पडते, ती अडचण नव्हे, ती सोय आहे, आणि प्रेक्षक आता तिला हसतो.

6. स्पर्श कोण करतं, कशासाठी

सीन लिहून झाला की लाल पेन घ्या आणि प्रत्येक स्पर्शाखाली रेघ मारा. स्पर्श करणाऱ्याला समोरच्याची परवानगी कशी कळली? शब्दानेच हवी असं नाही. तिने हात पुढे करणं, उशी सरकवून जागा करणं, दिवा स्वतः बंद करणं, यातलं काहीही चालेल. पण काहीतरी दिसलं पाहिजे.

नवरा आहे म्हणून मनगट धरलं, दारू पिऊन आला आणि तिने सांभाळून घेतलं, ती "नाही" म्हणते तेव्हा पार्श्वसंगीत रोमँटिक होतं. हे प्रकार अजूनही लिहिले जातात. नायक ज्या क्षणी असं वागतो त्या क्षणी तो नायक राहत नाही, मग पुढे त्याला कितीही पाऊस पाडून भिजवा. खलनायकाच्या बाबतीत असं काही दाखवायचं असेल तर स्वच्छ खलनायकी म्हणूनच दाखवा, संगीताने त्याला गुळगुळीत करू नका.

लाजण्याचंही तसंच. नायिकेने फक्त लाजायचं आणि नायकाने फक्त पुढाकार घ्यायचा, हे वाटप कुणी ठरवून दिलेलं नाही. घाबरलेला नवरा लिहून बघा. मजा येते.

7. दाराला कान लावणारं घर

वहिन्या, चुलत भावंडं, चिडवणारी आत्या यांच्याशिवाय आपली मालिका नाही. दारात अडवून उखाणा घ्यायला लावणं छान, तो सीन लिहाच. पण आतला सीन चालू असताना बाहेरच्यांवर कट मारू नका. दर तिसऱ्या मालिकेत नेमक्या क्षणी लाइट जातात, सासूला चक्कर येते, नाहीतर काच फुटते. एकदा चालतं. दुसऱ्यांदा प्रेक्षकाला कळतं की लेखकाकडे खोलीत काही नव्हतं.

आणि एक सापळा प्रोमोचा. प्रोमो बहुधा दुसरीच टीम करते. तुमच्या सीनमधलं दिवा बंद करणं आणि भलत्याच सीनमधलं हसू जोडून "अखेर एक होणार" असं लिहून मोकळी होते. मग भागात तेलाची बाटली बघून प्रेक्षक चिडतात. प्रोमोला द्यायच्या ओळी तुम्हीच सुचवून पाठवा. "ताईच्या मापाची केली होती" एवढं वाक्य प्रोमोला पुरतं.

8. फ्लोअरवर तुमच्या कागदाचं काय होतं

लग्नाच्या सिक्वेन्सचं शूटिंग कित्येक दिवस चालतं, सगळं युनिट दमलेलं असतं, आणि खोलीतला सीन बहुतेक वेळा दिवसाच, खिडक्यांना काळं कापड लावून होतो. कधी कधी तर लग्न लागायच्या आधीच तो शूट झालेला असतो. हे धरूनच लिहा.

बांगड्या हा नव्या लेखकाला न सुचणारा विषय. कलाकारांच्या अंगावर लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक असतो. हिरव्या चुड्याचे हात हलत असताना कुजबुजीतलं वाक्य लिहिलंत, तर साउंडवाला दादा दोनदा टेक थांबवेल आणि तिसऱ्यांदा दिग्दर्शक ते वाक्यच कापेल. हात हलतात तेव्हा बोलणं नको, बोलणं आहे तेव्हा हात स्थिर. कागदावरच तसं पाडून घ्या.

वस्तू असेल तर तिचा नेमका उल्लेख करा. नुसतं "जोडवी" लिहिलंत तर कॉस्च्युमवाले उघडी, सैल-घट्ट करता येणारी जोडवी देतात. क्लोजअपमध्ये ती दिसली की संपलं, गौरी ती चिमटीत धरून मोठी का करत नाही असं कुणीही विचारेल. "भरीव, बंद वळ्याची" असं कंसात लिहा आणि आदल्या दिवशी फोन करून आठवण द्या.

कलाकारांबद्दल. सिनेमा आणि ओटीटीवर जवळिकीच्या दृश्यांसाठी आता वेगळा माणूस नेमला जातो. डेली सोपच्या सेटवर तो सहसा नसतो, सगळं दिग्दर्शकावर असतं. म्हणून कोण कुठे उभं, कोण कुणाला कुठे हात लावणार, हे कागदावर स्पष्ट असलं की कलाकारालाही "हे मला चालणार नाही" असं वेळेत सांगता येतं. ऐनवेळी सेटवर "अजून थोडं जवळ" अशी सूचना आली तर तिला बोट दाखवायला कागद असतो. विशेषतः नवीन मुलींना याचा फार आधार होतो.

9. दुसरी सकाळ

पहिल्या रात्रीचा अर्धा परिणाम सकाळच्या सीनमध्ये असतो, आणि तोच घाईत लिहिला जातो. ओले केस, वहिनीचं डोळे मिचकावणं, "झोप झाली का नीट?" हे इतकं झालंय की ते न लिहिलेलंच बरं.

त्याऐवजी नव्या घरातल्या स्वयंपाकघरात गौरीला उभी करा. चहापूड कुठल्या डब्यात, दूध कुठल्या पातेल्यात, सासऱ्यांना बिनसाखरेचा की कमी साखरेचा. सगळं विचारावं लागतंय आणि विचारायची लाज वाटतेय. समीर आयुष्यात कधी सकाळी सहाला उठलेला नाही. तो पाणी प्यायच्या निमित्ताने येतो, तिच्याकडे न बघता वरचा डबा काढून ओट्यावर ठेवतो आणि जातो. सासू हे बघते. आता त्या घरात एक बातमी तयार झाली, आणि ती तुम्ही एकही प्रेमाचं वाक्य न लिहिता तयार केलीत. रात्रीचं तेल आणि सकाळचा डबा यांना संवादातून जोडू मात्र नका. "रात्री तेल दिलंत, आता डबा" असं गौरीने म्हटलं की गेलं सगळं.

10. गुरुवारनंतर

टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. हा आठवडा चांगला गेला तर फोन येईल, "ती जोडी चालतेय, जवळीक वाढवा." वाईट गेला तरी फोन येईल, "काहीच घडत नाही, जवळीक वाढवा." दोन्ही वेळा उत्तर तयार ठेवा. दोघांमधल्या पायऱ्यांची यादी करून चॅनेलला आधीच पाठवून द्यायची: एकमेकांचा आवडता पदार्थ कळणं, पहिलं भांडण, घरच्यांशी भांडणात एकमेकांची बाजू घेणं, आजारपणात रात्र जागणं, तिने पहिल्यांदा त्याला नुसत्या नावाने हाक मारणं, सोफ्यावरची उशी पलंगावर येणं. वाढवा म्हणाले की यादीतली पुढची एक पायरी द्या. एकच. उशी पलंगावर आली की पुढे काय याची सोय तुमच्याकडे नसेल, तर ती सोफ्यावरच राहू द्या आणि मधे एक माहेरपण टाका. मांडवपरतणीला दोघं तिच्या घरी जातात, तिथे एकच खोली, सोफा नाही, आणि पळालेल्या बहिणीचं कपाट समोर. हे दोन आठवडे आरामात जातं.